ऑगस्टात पारखलेली काडतुसं

मायव्होर लिडस्ट्रॉम टपालाची पिवळी गाडी चालवायची. ग्रानसेले गावात कुणाच्या घरी मुलांची पत्रं येतात आणि कुणाची पेटी महिनोन्‌महिने रिकामी राहते, हे तिला तोंडपाठ होतं, पण त्यातला एक शब्दही तिने कधी इकडचा तिकडे केला नाही. उत्तर स्वीडनच्या त्या जंगलात कमी बोलणाऱ्याला मान असतो. तिथली माणसं 'हो' सुद्धा धड म्हणत नाहीत, ओठ चंबूसारखे करून श्वास आत ओढतात, की झालं 'हो'. मायव्होरही तशीच बोलायची.

बापाने, अन्सेल्मने, तिला शिकारीचं वेड लावलं. गुडघे धरल्यावर त्याने गावच्या शिकारी टोळीला सांगून टाकलं, "कावळदलदलीवरची माझी जागा मायव्होरला." टोळीत तोवर बाई नव्हती. टोळीचा म्होरक्या एवाल्ड तेव्हा जवानीत होता. तो हसून म्हणाला, "बाईमाणूस चार-चार तास बर्फात गप्प बसेल?"

"तुझ्यापेक्षा जास्त वेळ," अन्सेल्म म्हणाला, आणि विषय तिथेच मिटला.

जागा मुलीला गेली, तळघर मुलाला. तिचा थोरला भाऊ स्तूरे लाकडाच्या गिरणीत कामाला होता, पण त्याचा जीव त्या तळघरात. झाडलेल्या काडतुसांची पितळी खोकी लोक पिशव्या भरभरून आणून देत. तो ती धुवायचा, आकारात बसवायचा, तळाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी ठोकायचा, औषधं मोजावीत तशा तराजूवर बंदुकीची दारू मोजून भरायचा, वर गोळी बसवायचा. दुकानातलं काडतूस टोळीत कुणी हातात धरत नसे. गिरणी बंद पडली, स्तूरे घरी बसला, तरी शरद लागला की सगळ्या गावाची वाट त्याच्याच दाराशी यायची. कुणी मासे आणायचं, कुणी दलदलीतल्या पिवळ्या बोरांचा मुरंबा. या एका गोष्टीवर त्याची मान ताठ होती.

एका वर्षी वसंतात एका घरासमोरच्या गोठलेल्या पायऱ्यांवरून मायव्होर घसरली आणि खांद्याचं ऑपरेशन झालं. उन्हाळ्यात तिने रायफल खांद्याला लावून पाहिली, तर धक्क्याने डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती स्तूरेकडे गेली.

"माझी जरा हलकी भरून दे या वर्षी."

"हलकी म्हणजे किती हलकी?"

"झाडल्यावर रडू येणार नाही एवढी."

स्तूरेने मान डोलावली. त्याच्याकडे कुणा ओळखीच्याकडून आलेला दारूचा एक जुना डबा होता, बारीक गोल दाण्यांची दारू. तीच त्याने हात राखून भरली आणि पन्नास काडतुसांचं पाकीट बहिणीच्या हातात ठेवलं. "घे. लहान पोरीनेही झाडावीत अशी आहेत."

ऑगस्टात टोळी नेमबाजीच्या मैदानावर जमली. मूस म्हणजे घोड्याहून उंच असं तिकडचं हरीण. त्याच्या आकाराची फळी रुळावरून इकडून तिकडे पळवतात आणि तिच्यावर गोळ्या झाडतात. ऊन चांगलं तापलं होतं, माणसं सदऱ्याच्या बाह्या सारून डास मारत बसली होती. मायव्होरच्या चारही गोळ्या एका तळहाताखाली झाकल्या जातील अशा बसल्या. तिने रायफलीवरची दुर्बीण त्यावरच जुळवून घेतली. सप्टेंबरात तिने एक वासरू पाडलं, अगदी जवळून, एका गोळीत. खांदा दुखला नाही. ती खूश होती.

जानेवारी आला. परवान्याप्रमाणे टोळीच्या वाट्याची मूसची एक मादी अजून उरली होती आणि हंगाम संपत आला होता. त्या शनिवारी पारा उणे तिसाच्याही खाली गेला. नाकातले केस काड्यांसारखे झाले होते. मायव्होर उजाडायच्या आधीच कावळदलदलीवर जाऊन बसली. रायफल भरून फांदीला टांगली, हात काखेत घातले आणि बसून राहिली.

अन्सेल्मची एक सवय होती. कडाक्याच्या थंडीत तो काडतुसं लोकरी बंडीच्या आत छातीशी ठेवायचा आणि प्राण्याची चाहूल लागली की मगच भरायचा. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. मायव्होरला तो म्हाताऱ्याचा चाळा वाटायचा.

कुत्र्याचं भुंकणं आधी लांबून आलं, मग जवळ. रोल्फचा कुत्रा राप मूस हाकत आणत होता. रोल्फ एकटा माणूस, बायको सोडून गेलेली. घरात तो आणि राप, तिसरं कुणी नाही. मादी दलदलीच्या पलीकडच्या काठाला झाडांतून बाहेर आली, थांबली, कान फिरवले. अंतर लांबचं होतं, पण मायव्होरच्या बापाने त्याच अंतरावर कितीतरी पाडल्या होत्या. तिने श्वास सोडला आणि चाप ओढला.

आवाज आला तो रायफलीचा नव्हता. कुणीतरी ओली गोणी फरशीवर आपटावी तसा भप्प आवाज. मादी पुढच्या गुडघ्यावर बसली, उठली आणि तीन पायांवर पळाली. मायव्होरने दुसरी झाडली. ही कडाडली, पण बर्फ उडाला तो पोटाखाली. मग तिथे कुणीच नव्हतं, नुसतीच हलणारी फांदी.

बिनतारी यंत्रावर एवाल्ड विचारत होता, "मायव्होर, तुझी का?"

"हो. लागलीय, पण खाली. पायात. आणि एवाल्ड, आवाज काहीतरी भलताच आला."

"बंदुकीला पडसं झालं असेल," रोल्फ मध्येच म्हणाला आणि कुणीतरी हसलं. रोल्फची त्या दिवसातली ती शेवटची थट्टा.

जखमी मादी नदीकडे गेली. रापने माग सोडला नाही. तिथे नदीला ओढ आहे, वरून बर्फाची गादी पसरलेली असते आणि खाली बर्फाचा पापुद्रा बोटभर जाडही नसतो. मादी वजनाने पापुद्रा फोडत, पोहत, धडपडत पलीकडे निघाली. राप तिच्या मागे त्या फुटलेल्या पाण्यात गेला. रोल्फ पोहोचला तेव्हा कुत्र्याचे पुढचे पंजे बर्फाच्या काठाला होते. तो पोटावर सरपटत पुढे गेला, हात लांब केला, खालचा बर्फ करकरला. दोन हातांचं अंतर राहिलं होतं. पाण्याने कुत्र्याला बर्फाखाली ओढून नेलं.

एवाल्डने पलीकडे जाऊन मादीला संपवलं. मांस वाया गेलं नाही. सोलताना त्याने मोडलेला पाय सगळ्यांना दाखवला. गोळी कोपराच्या खाली लागली होती.  मायव्होर रोल्फपाशी गेली. तो टोळीच्या सोलायच्या शेडच्या मागे ओल्या बाह्यांनी उभा होता आणि बाह्या गोठून पत्र्यासारख्या झाल्या होत्या. "रोल्फ," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने झाडलेली दोन्ही खोकी नेहमीसारखी स्तूरेच्या तळघरात टेबलावर ठेवली. तिला आणखी काही सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात गावच्या सभागृहाच्या स्वयंपाकघरात टोळीची बैठक झाली. कॉफी उकळली, त्यात चीजचे तुकडे पडले, सगळं नेहमीसारखं. एवाल्डने ओठाखाली तंबाखूची पुडी सरकवली आणि म्हणाला, "मूस म्हणजे आडवी भिंत. भिंत चुकली म्हणजे डोळे गेले किंवा हात गेला. त्यात लाज नाही, वय सगळ्यांना होतं."

"माझे डोळे चांगले आहेत," मायव्होर म्हणाली. "आवाज वेगळा आला होता. दोन गोळ्या, दोन वेगळे आवाज. स्तूरे, काडतुसात काही होऊ शकतं का?"

सगळ्यांनी स्तूरेकडे पाहिलं. तो कपात बघत होता. "ऑगस्टात तू स्वतःच पाहिलंस की," तो म्हणाला. "तळहातात बसत होत्या."

हे खरंच होतं. 

"माझा कुत्रा बर्फाखाली आहे," रोल्फ म्हणाला. "वसंतापर्यंत सापडणारही नाही. ही असेल तिथे मी नसेन."

मायव्होरला टोळीतून काढायचं का, यावर हात वर करायची वेळ आली तेव्हा स्तूरे उठला आणि शेगडीत लाकूड घालायला गेला. बराच वेळ तो त्या शेगडीशी खुडबुडत होता. बाकी सगळे हात वर गेले. कावळदलदलीची जागा एवाल्डच्या पुतण्याला मिळाली.

रायफल कपाटात गेली. टपाल चालूच राहिलं. ज्या हातांनी तिला बाहेर काढलं, त्याच हातांत ती रोज वर्तमानपत्र द्यायची. रोल्फ तिची गाडी दिसली की दार लावून घ्यायचा. दुकानात काउंटरशी उभे असलेले लोक विचारायचे, "काय मायव्होर, पत्रं तरी पेटीत पडतात ना? की जरा खाली?" ती हसायची. न हसून सांगणार कुणाला? रात्री मात्र ती मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ती दुर्बीण लावायची, तिच्यातली रेघ मादीच्या खांद्यामागे टेकवायची, आणि रेघ प्रत्येक वेळी जिथे हवी तिथेच असायची. तरी शेवटी तिने मानून टाकलं की हात हलला असेल. बारा माणसं एक गोष्ट म्हणतात आणि आपण एकटे दुसरी, तर किती दिवस म्हणत राहणार?

असे तीन हिवाळे गेले.

चौथ्या हिवाळ्यात एका सकाळी ती स्तूरेकडे पार्सल द्यायला गेली. स्तूरे तालुक्याला डॉक्टरकडे गेला होता, त्याचे हात थरथरायला लागले होते. वहिनी बार्ब्रोने तिला बसवलं, कॉफी ओतली, दालचिनीचा पाव पुढे केला आणि नवऱ्याची कागाळी सुरू केली.

"आता सांग बाई, अशा हातांनी कुणी दारू मोजतं? पण ऐकेल तर शपथ. आणि ही थंडीची वेगळी काडतुसं, ती तर एकेक दाणा मोजून."

"थंडीची वेगळी?"

"अगं, हिवाळ्यासाठी वेगळी दारू भरतो ना तो. केव्हापासून बरं... हां, तुझी ती मूस झाली त्याच आठवड्यात. रात्रभर काडतुसं लाकडाच्या खोपटात ठेवली, सकाळी तळ्यावर जाऊन धडाधड झाडत बसला. परत आला तो तोंड हे एवढं करून, आणि एक भरलेला डबाच्या डबा शेणखतात नेऊन ओतला. मी म्हटलं, अरे, पैसे का उकिरड्यावर टाकतोस? तर माझ्यावरच खेकसला. तू घे ना अजून एक पाव."

मायव्होरने पाव घेतला. तो तिने गाडीत बसून हातात तसाच धरून ठेवला होता, हे तिच्या दोन घरं पुढे गेल्यावर लक्षात आलं.

घरी कपाटात स्तूरेने दिलेलं ते पाकीट होतं. त्यातली अर्ध्याहून जास्त काडतुसं तशीच. त्या आठवड्यात थंडी पुन्हा तेवढीच पडली. शनिवारी संध्याकाळी तिने मूठभर काडतुसं आणि रायफल व्हरांड्यात ठेवली. रविवारी उजेड झाल्यावर दुसरी मूठभर लोकरी बंडीच्या आत घातली, घसरगाडीवर फळी बांधली आणि गोठलेल्या तळ्यावर गेली. फळी त्या दिवशीच्या अंतरावर उभी केली. घसरगाडीवर उशी, उशीवर रायफल. हात हलायला जागाच ठेवली नाही.

आधी छातीशी ठेवलेली, उबदार. एकेक काढायची, भरायची, लगेच झाडायची. ती कडाडली आणि मधल्या काळ्या ठिपक्याच्या जरा खाली, एकमेकींजवळ बसली. मग रात्रभर गारठलेली. पहिली गोळी दोन विती खाली बसली. दुसरी बऱ्यापैकी. तिसरी झाडली तेव्हा तोच आवाज आला. ओली गोणी. भप्प. ती गोळी फळीच्या खालच्या कडेला लागली होती. चौथी फळीलाच लागली नाही, पुढचा बर्फ उडाला.

रायफल तीच, हवा तीच, हात तेच. मायव्होर गुडघ्यांवर बसून खोकी वेचू लागली. उबदार काडतुसांची खोकी पिवळीधमक होती. गारठलेल्यांच्या मानेला, जिथे गोळी बसते तिथे, काजळी चढली होती. दारू जोराने पेटली की पितळ फुगून नळीला घट्ट बसतं आणि धूर मागे येत नाही; अर्धवट पेटली की मान काळी होते. हे तिला बापाने लहानपणीच शिकवलं होतं. त्या जानेवारीत स्तूरेच्या टेबलावर ठेवलेल्या खोक्यांकडे तिने स्वतः पाहिलंच नव्हतं. स्तूरेने पाहिलं होतं.

ती तशीच, बर्फाच्या बुटांनी, त्याच्या तळघरात उतरली आणि काळ्या मानेची खोकी त्याच्यापुढे ठेवली.

स्तूरेने ती उचलली नाहीत. त्याचा डावा हात मांडीवर थरथरत होता.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

"तू खोकी ठेवून गेलीस तेव्हा शंका आली. मग तळ्यावर जाऊन पाहिलं." तो म्हणाला. "ती दारू थंडीत झोपते. जुना साठा, गोल दाणा, त्यात मी निम्मी जागा रिकामी ठेवलेली. टोपीची ठिणगी पुरत नाही. एखादी पेटते, एखादी नुसती धुमसते. उन्हाळ्यात कुणाला कळणारही नाही."

"म्हणजे बैठकीच्या आधी."

स्तूरेने श्वास आत ओढला. हो.

"आणि तू म्हणालास, तळहातात बसत होत्या."

"खोटं नव्हतं ते."

"स्तूरे!"

"काय सांगायला हवं होतं?" त्याचा आवाज एकदम चढला. "की टोळीतला प्रत्येक माणूस खिशात माझी काडतुसं घेऊन फिरतोय आणि त्यातलं एखादं थंडीत फुसकं निघू शकतं? दुसऱ्या दिवशी सगळे दुकानात गेले असते. मला या तळघराखेरीज काय आहे, सांग ना? तुझं काय, तुला टपाल आहे. लोक तुझी वाट बघतात."

"माझी नाही. टपालाची."

 तो खाली बघत म्हणाला, "आणि हलकी भर म्हणून तूच सांगितलंस."

हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. सांगितलं होतं तिनेच. थंडीत एकदा झाडून बघायचं तिलाही सुचलं नव्हतं. बापाची बंडीत काडतुसं ठेवायची सवय इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून तिने कधी कारण विचारलं नव्हतं. सगळा दोष भावाचा असता तर तिला निदान धड रागावता आलं असतं.

एवाल्डकडे ती गेली, कारण जायलाच हवं होतं. त्याने ऐकून घेतलं, पुडी ओठाखाली फिरवली. "असेल बाई तसं. पण काडतूस कुणी का भरेना, चाप ओढतो त्याने ते ओळखायला हवं. आणि आता पुतण्या तिथे रुळलाय, त्याला कसं उठवू? तुला हवी तर रस्त्याकडची जागा देतो." रस्त्याकडच्या जागेवर मूस आल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. तिथे आजारी माणसांना आणि पाहुण्यांना बसवत.

"नको," मायव्होर म्हणाली.

उरला रोल्फ. त्याच्या दारात ती टपाल हातात न घेता उभी राहिली, म्हणून असेल कदाचित, पण त्याने दार लावलं नाही. त्याच्या मागे एक तरुण कुत्री शेपटी हलवत होती. मायव्होरने सगळं सांगितलं, दारू, थंडी, काळ्या माना, तळ्यावरची फळी. "तुला माहीत असायला हवं, म्हणून आले," ती म्हणाली.

रोल्फने तिच्या बुटांकडे पाहिलं. "म्हणजे आता मी स्तूरेचा द्वेष करायचा?" तो म्हणाला. "तीन वर्षं तुझा केला, मायव्होर. दमलो. आता पुन्हा पहिल्यापासून नाही जमायचं." त्याने दार हळूच लावलं. पूर्वी आपटायचा, तेवढाच फरक.

दोन वर्षांनी स्तूरेचे हात इतके थरथरू लागले की तराजू त्याच्याने धरवेना. टोळीने दुकानातली काडतुसं घ्यायला सुरुवात केली आणि वसंतात सभागृहात त्याचा सत्कार ठेवला. मायव्होरने खारा केक करून आणला, पावाचे थर, मध्ये अंडी आणि साय, वर कोळंबी आणि काकडी. बहीण म्हणून तो तिनेच करायचा होता. बार्ब्रो नवा झगा घालून पुढे बसली होती.

एवाल्डने स्तूरेच्या गळ्यात पितळी बिल्ला घातला आणि भाषण केलं. लांबलचक नव्हतं. "इतक्या वर्षांत," तो म्हणाला, "या माणसाच्या तळघरातून एकही वाईट काडतूस बाहेर पडलं नाही."

टाळ्या झाल्या. रोल्फनेही वाजवल्या, ताटलीकडे बघत. स्तूरे उभा राहिला, टेबलाचा काठ धरून. त्याने माणसांवरून नजर फिरवली आणि केकपाशी सुरी घेऊन उभ्या असलेल्या बहिणीवर ती थांबली. त्याचं तोंड उघडलं. मायव्होरने सुरी खाली ठेवली. ती थांबली, खरोखर थांबली. त्या क्षणी तो एक वाक्य बोलला असता तर तिने त्याला सगळं माफ केलं असतं.

"धन्यवाद," स्तूरे म्हणाला. "केक घ्या सगळे."

मायव्होरने सुरी उचलली आणि केक कापला. रायफल तिने त्याच उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या एका माणसाला विकली.

स्तूरे आणखी काही वर्षं जगला. दाढी करणं त्याला जमेना आणि बार्ब्रोचा हात वस्तऱ्याला बिचकायचा, म्हणून दर रविवारी मायव्होर जायची. "तुमच्यासारखी भावंडं बघितली नाहीत कुठे," बार्ब्रो पाणी गरम करता करता म्हणायची.  मायव्होर साबण फेसायची, त्याच्या हनुवटीखाली बोट लावून मान वर करायची, आणि वस्तरा गळ्याला टेकला की तो डोळे मिटून घ्यायचा.